दुधाचं माप रोज दोनदा, कासेचं माप कधीच नाही



आज जरा कडू लिहिणार आहे. विषय दगडीचा. पुस्तकात तिला कासदाह म्हणतात, डॉक्टर मस्टायटीस म्हणतात, आपल्या गोठ्यात ती दगडी.

सध्या जिथं जावं तिथं एकच बोलणं. रोबोट धार काढणार, सेन्सर कास बघणार, मोबाईलवर मेसेज येणार की अमक्या गाईचा तमका सड बिघडतोय. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन, जानेवारीत बारामतीला कृषिक, दोन्हीकडं असल्या यंत्रांपुढं पोरांची गर्दी. बघावं, जरूर बघावं. मी यंत्राच्या विरोधात नाही. पण माझं एक भांडण आहे आणि ते आज मांडणार आहे.

आपल्या दुधाचं माप आजही रोज सकाळ-संध्याकाळ यंत्रावर होतंय. आकडे संगणकात जातात, पावतीवर येतात, मोबाईलवर येतात. पण त्या आकड्यांचा उपयोग एकच, भाव ठरवायचा. कास सुदृढ आहे का, हे बघायला त्यातला एक आकडाही कुणी वापरत नाही. आधी हे बदला, मग रोबोटच्या गप्पा मारा.

रोबोटला दिसतं तरी काय?

दहावी शिकलेल्या माणसाला जेवढं समजलं तेवढं इस्कटून सांगतो. १९९२ साली नेदरलँड्समध्ये शेतकऱ्याच्या गोठ्यात पहिला धार काढणारा रोबोट बसला. तिथं मजूर महाग, माणसं मिळत नाहीत, त्यातनं हे यंत्र आलं. गाय आपल्या पायानं आत येते, गळ्यातल्या पट्ट्यावरून यंत्र तिला ओळखतं, सड धुतं, चारी सडांना चार कप लावतं. यातली खरी गोम अशी की चारी सडांचं दूध वेगवेगळं मोजलं जातं. किती निघालं, किती वेगानं निघालं, रंग कसा आहे, आणि दुधातनं वीज किती सहज वाहते.

ही वीज कशाला मोजायची? तर कासेत जंतू शिरले की आतल्या पेशींना इजा होते. रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराईड, दुधात झिरपतं आणि दुधातली साखर कमी होते. मीठ वाढलं की वीज सोपी वाहते. याला वाहकता म्हणतात. आपली जुनी माणसं म्हणायचीच की, "दूध खारट लागतंय, सड बघा." त्यांच्या जिभेला जे कळत होतं तेच हा सेन्सर तारेनं मोजतो.

काही महागड्या यंत्रांत दुधातल्या पेशी पण मोजतात. जंतूंशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी कासेत पाठवतं, त्या दुधात उतरतात. मिलीलीटरला दोन लाखांच्या आत असतील तर साधारणपणे कास निरोगी धरतात. युरोपात डेअरीनं घ्यायच्या गाईच्या कच्च्या दुधाला चार लाखांची मर्यादाच घातलेली आहे. तिथं हा आकडा शेतकऱ्याला फॅटइतकाच तोंडपाठ असतो. आपल्या संकलन केंद्राच्या पावतीवर या आकड्याला रकाना तरी आहे का? तुमची आजची पावती काढून बघा.

आता यंत्र काय करतं ते नीट ध्यानात घ्या. ते नुसता आकडा मोठा आहे का एवढंच बघत नाही. उन्हाळ्यानं, वेतानं, दोन धारांतल्या अंतरानं वाहकता वरखाली होतच असते. म्हणून ते त्याच गाईच्या एका सडाची दुसऱ्या तीन सडांशी तुलना करतं आणि तिच्याच मागच्या आठ-दहा दिवसांशी तुलना करतं. तीन सड एकसारखे आणि चौथा वेगळा, की इशारा. सगळी करामत या तुलनेत आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडं मशीन आलं आणि नजर गेली

आपल्याकडं आलेलं मशीन बहुतेक ठिकाणी बादलीचं. एक पंप, एक बादली, चार कप. त्यात ना मीटर, ना सेन्सर. हातानं धार काढताना पहिल्या चार चिळकांड्या डोळ्यांसमोर पडायच्या. गुठळी दिसायची, पाण्यासारखं दूध दिसायचं. बोटांना सड गरम लागायचा, कासेचा एक कोपरा कडक लागायचा, हात लावला की गाय पाय उचलायची. ही सगळी माहितीच होती. मशीन लावल्यावर कप चढवले, बटन दाबलं, माणूस वैरण टाकायला गेला. चारी सडांचं दूध एका बादलीत मिसळलं.

म्हणजे परदेशातल्या यंत्रानं माणसाचा हात काढला, पण जागेवर सेन्सर बसवला. आपल्या यंत्रानं हात काढला आणि जागा रिकामी ठेवली.

वर मशीन विकणारा व्हॅक्यूम गेज दाखवून जातो आणि परत येत नाही. पंपाचा दाब साधारण १२ ते १५ इंचांच्या दरम्यान असावा लागतो. जास्त झाला की सडाचं तोंड बाहेर येतं, कडक होतं, आणि त्याच तोंडातनं जंतू शिरतात. रबरी लायनर साधारण अडीच हजार धारांनंतर बदलायचे असतात. सात गाई, दोन वेळा, एकच संच, म्हणजे दिवसाला १४ धारा. सहा महिन्यांत लायनर संपला. आमच्या भागात तीन-तीन वर्षं एकच लायनर वापरणारे गोठे मी बघितलेत, आणि त्यांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. जे मशीन दगडी ओळखायला पाहिजे तेच दगडी लावत असेल तर दोष शेतकऱ्याच्या माथी कसा मारता?

एसएनएफचं भांडण नेमकं कुणाशी?

आता केंद्रावर या. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, ही आपली लक्ष्मणरेषा. पॉइंट खाली गेला की पैसे कापले. मग आपण काट्यावरच्या पोराशी भांडतो, यंत्र लबाड आहे म्हणतो. काही ठिकाणी ते लबाड असतं पण, म्हणून मिल्कोमीटरची सरकारी तपासणी नियमित व्हावी या मागणीला माझा पाठिंबाच आहे. पण मंडळी, एसएनएफ म्हणजे तरी काय? दुधातली साखर, प्रथिनं, क्षार. सड बिघडला की त्यातली साखर आधी कमी होते, दुधाचं चांगलं प्रथिन पण उतरतं. डिग्री लागत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा कधीकधी सडच ओरडून सांगत असतो. पावतीवर तो कपात म्हणून येतो आणि आपण तेवढंच वाचतो.

माझ्या गोठ्यातलं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या दुधाचा एसएनएफ ८.५ वरनं ८.३ वर आला. मी सातही गाईंचं दूध वेगवेगळ्या बाटल्यांतनं केंद्रावर नेलं आणि एकेक लावायला सांगितलं. केंद्रावरचा माणूस वैतागला, "एवढा वेळ कुणाला आहे" म्हणाला, पण लावलं. सहा गाई ८.४ ते ८.६ मध्ये. एकटी चांदी ७.९. तिच्या कासेला सूज नाही, दुधात गुठळी नाही, खाणंपिणं व्यवस्थित. घरी येऊन चारी सड तपासले. तीन स्वच्छ, मागचा उजवा सड बिघडलेला. बाहेरनं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हीच ती सुप्त दगडी. डॉक्टरांना सड आणि आकडे दोन्ही दाखवले, त्यांनी दुधाचा नमुना तपासायला पाठवून मगच औषध ठरवलं.

यातनं एक साधा नियम निघतो, लिहून ठेवा. सगळ्या गाईंचा एसएनएफ एकदम उतरला तर वैरण, खुराक आणि ऊन बघा. एकाच गाईचा उतरला तर तिची कास बघा. एकच सड वेगळा निघाला तर रोग सापडला.

दुसरं, हा हिशोब मांडून बघा. समजा एक गाय १२ लिटर देते आणि सुप्त दगडीनं दीड लिटर कमी झालं. लिटरला ३५ रुपये धरले तर रोजचे साडेबावन्न रुपये गेले. शंभर दिवसांत सव्वापाच हजार. त्यात पॉइंटची कपात नाही, औषध नाही, आणि सड कायमचा गेला तर गाईची किंमत उतरते ते पण नाही. हे पैसे कुणी चोरून नेताना दिसत नाही, म्हणून आपल्याला राग येत नाही.

"छोट्या शेतकऱ्याला डेटा कशाला?"

असं म्हणणारे साहेब लोक भेटतात. शेतकरी नोंद ठेवत नाही, त्याला आकडे कळत नाहीत, हे त्यांचं पालुपद. त्यांना मी तीन गोष्टी दाखवतो.

पहिली, आपल्या पुण्याजवळचीच. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ उभी केली. संकरित गाय, गोठीत रेतन, हे सगळं त्या काळी रोबोटइतकंच नवीन होतं. ते तुमच्या-माझ्या बापाच्या गोठ्यापर्यंत कसं आलं? प्रत्येक शेतकऱ्याला वळू आणि प्रयोगशाळा विकत घे म्हणून सांगितलं का? नाही. माणूस नायट्रोजनचा डबा घेऊन दारात आला. तंत्रज्ञान सेवा म्हणून आलं म्हणून रुजलं. कासेचा डेटा पण असाच आला पाहिजे.

दुसरी, सांगली जिल्ह्यातली. भिलवडीच्या चितळे डेअरीनं परिसरातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या जनावरांना आरएफआयडी बिल्ले लावून संगणकावर नोंदी ठेवायला सुरुवात केली, त्याला आता बरीच वर्षं झाली. दोन-चार जनावरांच्या गोठ्यातनं डेटा निघू शकतो हे तिथं दिसलं. आपल्याच जिल्ह्यात मंचरला भाग्यलक्ष्मी फार्मवर गोल फिरणाऱ्या पार्लरमध्ये गाईंची धार निघते. तो मोठ्या भांडवलाचा गोठा, तो त्यांनी जरूर करावा. पण जिल्ह्यातलं सगळं दूध काही अशा गोठ्यांतनं येत नाही. दोन, चार, दहा गाईंच्या गोठ्यांचं काय, हा माझा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट सरकारचीच. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये आणि पुढं सात रुपये अनुदान दिलं, तेव्हा अट काय होती? गाईच्या कानात १२ अंकी बिल्ला पाहिजे आणि तिची संगणकावर नोंद पाहिजे. रात्र-रात्र जागून माहिती भरली गेली. म्हणजे पैसे वाटायची वेळ आली तेव्हा प्रत्येक गाय ओळखता आली. मग त्याच बिल्ल्याच्या नंबरापुढं महिन्यातनं दोनदा तिचा एसएनएफ आणि कासेची नोंद लिहायला काय अडचण आहे? अडचण यंत्राची नाही. त्यातनं कुणाला लगेच पैसे दिसत नाहीत, ही अडचण आहे.

आता आपल्या माणसांशी दोन शब्द

काही जाणती मंडळी म्हणतात, "आमचा हात हाच सेन्सर. चाळीस वर्षं धारा काढल्यात." हाताचा मान मी पण ठेवतो. पण हाताला कळते ती उघडी दगडी, सूज आलेली, गुठळी पडलेली. सुप्त दगडी हाताला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. आणि तोवर तोच सड शेजारच्या गाईला जंतू देत असतो, त्याच कपातनं, त्याच फडक्यातनं, त्याच हातातनं.

आणि जे तरुण म्हणतात की सेन्सर आला की सगळं झालं, त्यांनी पण एक गणित करावं. समजा सेन्सर इतका चांगला आहे की निरोगी गाईच्या शंभर धारांत एकदाच चुकीचा इशारा देतो. शंभर गाई, दोन वेळा, दोनशे धारा. म्हणजे रोज दोन खोटे इशारे. महिन्याला साठ. पंधरा दिवसांत माणूस मोबाईल बघायचा बंद होतो, आणि नेमका त्याच दिवशी खरा इशारा येतो. सेन्सर फक्त सांगतो, "या गाईकडं बघ." बघायचं माणसानंच. ज्याला सड तपासता येत नाही त्याच्या गोठ्यात कितीही महागडं यंत्र बसवा, इशारे मोबाईलमध्ये पडून राहतील.

गरिबाचा रोबोट

मघाशी म्हणालो होतो, सगळी करामत तुलनेत आहे. ती तुलना करायला चार खळग्यांची प्लास्टिकची थाळी पुरते. याला सीएमटी म्हणतात, कॅलिफोर्निया मस्टायटीस टेस्ट. १९५७ सालची पद्धत आहे. चार सड, चार खळगे, म्हणजे रोबोटच्या चार सेन्सरांचंच काम.

पहिल्या दोन-तीन चिळकांड्या वेगळ्या भांड्यात टाका, जमिनीवर नको. मग प्रत्येक सडाचं थोडं दूध त्याच्या त्याच्या खळग्यात घ्या, तेवढंच सीएमटीचं द्रावण घाला, थाळी गोल फिरवा. पातळ राहिलं तर सड चांगला. घट्ट झालं, तार धरली, गोळा झाला, तर पेशी वाढल्यात. द्रावण मिळत नसेल तर कपड्याच्या पावडरचं तीन टक्के पाणी, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम, याच तत्त्वावर चालतं. तपासलेलं दूध फेकून द्या, बादलीत नको. व्यायल्यावर पहिले काही दिवस आणि आटत आलेल्या गाईचं दूध तसंही घट्ट होतं, तेव्हा फसू नका.

पंधरा दिवसांतनं एकदा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाईचं नाव आणि चार खुणा. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. झाला डेटा. सहा महिन्यांनी हे कॅलेंडर डॉक्टरांपुढं ठेवा, बघा ते कसे खुर्ची ओढून बसतात.

बिघडलेली गाय शेवटी पिळायची. धार झाल्यावर सड औषधात बुडवायचे. धारेनंतर वैरण टाकायची म्हणजे गाय लगेच बसत नाही, सडाचं तोंड मिटायला वेळ मिळतो. भाकड करताना कोणत्या गाईला सडात औषध सोडायचं ते डॉक्टरांना याच नोंदीवरनं ठरवू द्या.

आणि मेडिकलमधनं ट्यूब आणून आपल्या मनानं सोडायचं बंद करा. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातनं दुधाचे ६४३२ नमुने तपासले, त्यात ७७ नमुन्यांत प्रतिजैविकं मर्यादेपेक्षा जास्त निघाली. टक्क्यानं आकडा लहान आहे. पण ते दूध कुणाच्या तरी लेकरानं प्यायलंय, आणि उकळून प्रतिजैविक जात नाही. सुप्त असतानाच दगडी सापडली तर पुष्कळ वेळा नुसत्या स्वच्छतेनं आणि काळजीनं भागतं. उशिरा सापडली की ट्यूबवर ट्यूब.

माझ्या मागण्या

संघ असो, खासगी डेअरी असो, सरकार असो, सगळ्यांना सारख्याच.

१) महिन्यातनं दोन दिवस प्रत्येक केंद्रावर गाईवार तपासणी करा. बिल्ल्याचा नंबर टाका आणि पावती शेतकऱ्याच्या हातात द्या. पैसे घेऊ नका.

२) काही ॲनालायझरांत वाहकता मोजायची सोय असते. जिथं आहे तिथं ती छापा. नवीन यंत्र घेताना ती सोय असलेलंच घ्या. कॅनमधल्या एकत्र दुधात एक बिघडलेला सड लपून जातो हे मला ठाऊक आहे, म्हणून तर गाईवार मागतोय.

३) डेअरीच्या प्रयोगशाळेत प्रत्येक शेतकऱ्याच्या दुधाच्या पेशी महिन्यातनं एकदा तरी मोजा आणि आकडा कळवा.

४) मिल्किंग मशीनला अनुदान देताना त्यासोबत सीएमटी थाळी, लायनरचा जादा संच आणि वर्षातनं एकदा दाबाची तपासणी सक्तीची करा. नुसतं मशीन देऊन फोटो काढू नका.

५) सगळ्यात महत्त्वाचं. हा आकडा भाव कापायला वापरायचा नाही. पेशी जास्त निघाल्या की दोन रुपये कापले, असं पहिल्याच महिन्यात केलं तर तिसऱ्या महिन्यात एकही शेतकरी बाटली घेऊन येणार नाही. आधी वर्षभर फक्त माहिती द्या. मग स्वच्छ दुधाला जादा पैसे द्या. दंडानं डेटा लपतो, बक्षिसानं बाहेर येतो.

६) गाय माझी, कास तिची, आकडा पण आमचाच. तो विमा कंपनीला, कर्ज देणाऱ्याला, खाद्य विकणाऱ्याला देण्याआधी मला विचारायचं.

शेवटचं बोलतो. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत गेली. आमच्यासारख्या शहराच्या कडेच्या गावांत रान प्लॉटिंगखाली गेलं, वैरण विकत, पेंड महाग, शेणाच्या वासाची सोसायटीवाल्यांची तक्रार. पन्नास गाई वाढवून नफा काढायची वाट आम्हाला बंद आहे. ज्या सात-आठ गाई उरल्यात त्यांच्या चारी सडांतनं पूर्ण दूध निघालं पाहिजे, एवढीच वाट शिल्लक आहे. गाय विकायची पाळी आली तर तीन सडांची गाय कोण घेतं आणि कशासाठी घेतं, ते तुम्हाला सांगायला नको.

उद्या सकाळी केंद्रावर जाताना एका गाईचं दूध वेगळ्या बाटलीत न्या आणि लावायला सांगा. "वेळ नाही" म्हणाले तर सांगा, माझ्या दुधाचा पॉइंट कापायला रोज दोनदा वेळ असतो, तर पंधरा दिवसांतनं एकदा कासेसाठी पण काढा. दहा जणांनी रोज विचारलं तर महिन्याभरात रकाना तयार होतो.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर तुमच्या गोठ्यातला आकडा घेऊन भांडायला या. नुसत्या तोंडानं नको, आकडा घेऊन या.

जय जवान, जय किसान.